बीटीआरएफएसवर पोस्टग्रेस: क्वेरी त्याच, मग कमिटला ५० मिलिसेकंद का लागतात?

रात्रपाळी

मंडळी, पोस्टग्रेस १५ या डेटाबेसचा एक सर्व्हर चार महिन्यांत हळूहळू मंदावत गेला आहे. क्वेरी आणि इंडेक्स तपासून झाले, आता संशय फाइलसिस्टमवर आहे.

मशीनमध्ये ६४ जीबी रॅम आणि १ टीबीचे दोन एनव्हीएमई ड्राइव्ह. त्यांवर बीटीआरएफएस या फाइलसिस्टमचाच रेड१ (दोन्ही ड्राइव्हवर एकेक प्रत), माउंट करताना नोएटाइम आणि झेडएसटीडी कॉम्प्रेशन. दोन्ही ड्राइव्हवर प्रत्येकी ४०० जीबी जागा पार्टिशन न करता मोकळी आहे. डेटाबेस १८० जीबी (हा आकडा डीयू या जागा मोजणाऱ्या आज्ञेचा). शेअर्ड बफर्स १६ जीबी, बाकी जवळजवळ सगळी सेटिंग मूळचीच. बॅकअप म्हणून दर तासाला स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत) घेतला जातो, शेवटचे ४८ ठेवले जातात.

एका ओळीचं अपडेट आणि कमिट पूर्वी २-३ मिलिसेकंदांत व्हायचं, आता ४० ते ६० लागतात. शिवाय साधारण दर दीड मिनिटाला काही सेकंद सगळंच थिजतं. एक्सप्लेन ॲनालाइझ मात्र ०.२ मिलिसेकंद दाखवतो. लॉगमधली नेहमीची नोंद अशी: चेकपॉइंट (साचलेले बदल डेटा फाइलींत उतरवणं) सुरू होण्याचं कारण 'वॉल' (बदल आधी लिहिले जातात ती नोंदवही), राइट ६१.३ सेकंद, सिंक २२.८ सेकंद, एकूण ८५.४ सेकंद, सर्वांत लांब सिंक ४.७ सेकंद.

आयओस्टॅटमध्ये युटिलायझेशन ३५-४० टक्क्यांच्या वर जात नाही, म्हणजे डिस्क तर रिकामीच दिसते. एका मोठ्या टेबलाच्या १ जीबीच्या फाइलवर फाइलफ्रॅग चालवलं तर ९७,४१२ एक्स्टेंट (सलग जागेचे तुकडे) निघाले. नुसतं डीफ्रॅग करून भागेल का? आणि एफसिंक (लिहिलेलं खरोखर डिस्कवर उतरेपर्यंत थांबणं) बंद करा असा सल्ला मिळाला आहे, तो कितपत सुरक्षित?

---

जुनाखिळा

एफसिंक बंद करू नका. वीज गेली किंवा कर्नल कोसळला की फक्त शेवटचे व्यवहार जातात असं नाही, अख्खा क्लस्टर (सर्व्हरचा सगळा डेटा) विसंगत होऊ शकतो, आणि ते तुम्हाला तेव्हाच कळेल याचीही खात्री नाही. तातडीचा दिलासा हवा असेल तर सिंक्रोनस_कमिट बंद करा. दोन्ही नावं सारखी वाटतात, पण परिणामांत जमीनअस्मानाचं अंतर आहे. सिंक्रोनस_कमिट बंद असताना क्रॅश झाला तर शेवटचे काही कमिट जातात (जास्तीत जास्त वॉल_रायटर_डिलेच्या तिप्पट वेळेतले, म्हणजे मूळ सेटिंगला ६०० मिलिसेकंदांतले), पण डेटा सुसंगत राहतो. हे एकेका व्यवहारापुरतं 'सेट लोकल'नेही करता येतं. तेव्हा पैशांच्या नोंदी सुरक्षित ठेवून फक्त लॉगसारख्या टेबलांना सवलत द्या.

एक्सप्लेन ॲनालाइझमध्ये कमिटचा वेळ धरलेलाच नसतो, म्हणून तिथे काही सापडलं नाही. युटिलायझेशनचा आकडाही एनव्हीएमईसाठी सोडून द्या. निदान एक तरी विनंती चालू आहे असा वेळ किती टक्के, एवढंच तो सांगतो. प्रत्येक विनंतीला किती थांबावं लागलं हे त्यात दिसत नाही. एफसिंकच्या दुखण्यात डिस्क बराच वेळ मोकळी दिसते, कारण एक फ्लश संपल्याशिवाय पुढचा जातच नाही. आयओस्टॅट -एक्स चालवून एफ_अवेट हा रकाना बघा. सिसस्टॅटची (आयओस्टॅट ज्यात येतो त्या संचाची) आवृत्ती जुनी असेल तर तो दिसणार नाही.

आता तीन मोजमापं करा. पहिलं, पीजी_टेस्ट_एफसिंक, सेकंदाला किती सिंक होतात ते मोजणारं साधन. -एफ पर्यायाने चाचणीची फाइल डेटा डिरेक्टरीच्याच फाइलसिस्टमवर ठेवा, नाहीतर भलतंच मोजून याल. दुसरं, मोकळ्या जागेत छोटं पार्टिशन करून त्यावर ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस घाला आणि तीच चाचणी तिथे चालवा. ड्राइव्ह तोच, बदलली फक्त फाइलसिस्टम, म्हणजे दोष कुणाचा ते वेगळं निघेल. तिसरं, गर्दीच्या वेळी पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीतला वेट_इव्हेंट (सेशन कशासाठी थांबलंय ते) दर सेकंदाला एकदा असा दोनेक मिनिटं नोंदवा.

आकडे वाचताना एक खूणगाठ ठेवा. ७२०० फेऱ्यांच्या फिरत्या डिस्कवर एक फेरी ८.३३ मिलिसेकंदांची असते, त्यामुळे तिथे सेकंदाला सुमारे १२० च्या वर सिंक दिसले तर मध्ये कुठला तरी कॅश खोटं बोलतोय. एसएसडीत वीज गेल्यावर तग धरणारे कपॅसिटर असतील तर फ्लश काही दहा मायक्रोसेकंदांत होतो. ते नसतील तर काहीशे मायक्रोसेकंदांपासून काही मिलिसेकंदांपर्यंत काहीही.

---

रात्रपाळी

आकडे, सगळे एफडेटासिंकचे (एफसिंकचाच हलका प्रकार). बीटीआरएफएसवर सेकंदाला २१४, म्हणजे एकाला सुमारे ४,६७० मायक्रोसेकंद. त्याच ड्राइव्हवर नव्या ईएक्सटी४ पार्टिशनवर २,४५०, म्हणजे सुमारे ४०८ मायक्रोसेकंद. ड्राइव्ह साधे आहेत, कपॅसिटर नाहीत.

वेट_इव्हेंटमध्ये बहुतेक वेळा एक सेशन 'वॉलसिंक'वर आणि त्याच्या मागे दहा-पंधरा सेशन 'वॉलराइट'च्या लॉकवर. चेकपॉइंटच्या शेवटी 'डेटाफाइलरीड'ही वाढतात.

---

ओळंबा

मग निदान झालंच. ड्राइव्ह साधा असला तरी ४०८ मायक्रोसेकंद देतोय आणि फाइलसिस्टम त्याचे ४,६७० करतेय. एक सेशन सिंकवर आणि बाकीचे त्याच्या मागे रांगेत, यातूनच ५० मिलिसेकंद जमतात.

हे का होतं ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढचे निर्णय सोपे जातील. पोस्टग्रेस वॉलच्या १६ एमबीच्या फाइली पुन्हा पुन्हा वापरतो. ईएक्सटी४वर अशा फाइलची जागा आधीच ठरलेली असते आणि आकारही बदलत नाही. त्यामुळे एफडेटासिंकला डेटा लिहून एक फ्लश दिला की काम झालं, जर्नलला हात लावावा लागत नाही. बीटीआरएफएसवर 'जागच्या जागी लिहिणं' हा प्रकारच नाही. प्रत्येक ८ केबीचं पान नव्या ठिकाणी जातं, मग त्या जागेची नोंद, चेकसम (डेटा बिघडला का ते ओळखणारा आकडा), लॉग ट्री आणि शेवटी सुपरब्लॉक, तेही दोन्ही ड्राइव्हवर. एका कमिटमागे एकाऐवजी लिखाणाची आणि फ्लशची साखळीच लागते. जुनी वॉल फाइल पुन्हा वापरण्याचा फायदा इथे शून्य.

डेटा फाइलींचं दुखणं वेगळं आहे. एसएसडीवर तुकडे झाले तर काय बिघडलं, असं सर्रास म्हटलं जातं. वाचनाचं डोकं इकडून तिकडे न्यावं लागत नाही हे खरं, पण प्रत्येक तुकड्याची नोंद एक्स्टेंट ट्रीमध्ये असते. ती ट्री फुगली की रॅममध्ये मावत नाही आणि प्रत्येक सिंकला तिचेही ब्लॉक नव्याने लिहावे लागतात. तुमचे चेकपॉइंटचे २२.८ सेकंद बहुतांशी तिथेच जात असणार.

तुमचा ९७,४१२ हा आकडा मात्र जसाच्या तसा घेऊ नका. कॉम्प्रेशन चालू असताना बीटीआरएफएसचा एक एक्स्टेंट १२८ केबीपेक्षा मोठा होत नाही, म्हणून पूर्ण कॉम्प्रेस झालेली १ जीबीची एकसंध फाइलही फाइलफ्रॅगला ८,१९२ तुकड्यांची दिसते. तुमची त्याच्या जवळजवळ बारापट आहे, म्हणजे दुखणं खरंच आहे.

डीफ्रॅगने भागणार नाही. आठवड्याभरात पहिले पाढे पंचावन्न. त्याहून वाईट म्हणजे डीफ्रॅगमुळे स्नॅपशॉटशी वाटून घेतलेली जागा वेगळी होते. तुमच्याकडे ४८ स्नॅपशॉट आहेत, डिस्क बघता बघता भरेल.

तुमच्याकडे ४०० जीबी मोकळी जागा आहे, हे नशीबच म्हणायचं. माझं मत स्पष्ट आहे: दोन्ही ड्राइव्हवरच्या त्या जागेचा एमडी (लिनक्सचा सॉफ्टवेअर रेड) रेड१ करा, इंटर्नल बिटमॅपसह (कुठल्या भागात लिखाण चालू होतं याची नोंद), त्यावर एक्सएफएस घाला आणि अख्खा क्लस्टर तिथे हलवा. एक्सएफएस वाढवता येते पण लहान करता येत नाही, तेव्हा आकार आधीच विचार करून ठरवा. डीयूचा १८० हा आकडा कॉम्प्रेशनपूर्वीचा असतो, म्हणजे नव्या जागी साधारण तेवढीच जागा लागेल. नोबॅरियरच्या (फ्लश टाळणाऱ्या माउंट पर्यायाच्या) वाटेला जाऊ नका, कर्नल ४.१९ पासून एक्सएफएसमधून तो पर्याय काढूनच टाकला आहे. ट्रिमसाठी (मोकळी जागा एसएसडीला कळवण्यासाठी) माउंटचा डिसकार्ड नको, आठवड्यातून एकदा एफएसट्रिम पुरे.

हलवताना सेवा थांबवा आणि पीजी_कंट्रोलडेटामध्ये स्थिती 'शट डाउन' आहे याची खात्री करा. नवी डिरेक्टरी पोस्टग्रेसच्या मालकीची, परवानग्या ७००. सीपी -ए किंवा आरसिंकने कॉपी करा. टेबलस्पेस असतील तर पीजी_टीबीएलएसपीसीमधल्या लिंका कुठे जातात ते बघा, नाहीतर निम्मा डेटा जुन्याच फाइलसिस्टमवर राहील. सर्व्हर सुरू करण्याआधी, तो बंदच आहे तोवर, पीजी_चेकसम्स वापरून चेकसम चालू करून घ्या. बीटीआरएफएस सोडल्यावर तिचे चेकसम जातात, त्याची ही निम्मी भरपाई. खराब पान ओळखता येतं, आपोआप दुरुस्त होत नाही. जुनी प्रत आठवडाभर तरी हलवू नका.

---

थेंबथेंब

मोकळी जागा नसेल अशांसाठी दुसरा मार्गही नोंदवून ठेवतो, कारण हा धागा पुढे कुणीतरी शोधत येईल. बीटीआरएफएसवरच राहून डेटा डिरेक्टरीसाठी कॉपी-ऑन-राइट (दर वेळी नव्या जागी लिहिणं) बंद करता येतं. चॅटर +सी, त्यातला सी कॅपिटल. इथे लोक हमखास फसतात: आधीच भरलेल्या फाइलला हा गुण लावून उपयोग नाही. नवा सबव्हॉल्यूम (बीटीआरएफएसमधला स्वतंत्र भाग) करा, रिकाम्या डिरेक्टरीला गुण लावा, एलएसॲटर -डी ने तपासा, मग आत कॉपी करा. एमव्ही नको. त्याच सबव्हॉल्यूमच्या आत एमव्हीने फक्त नाव बदलतं, फाइल जुन्याच गुणांसह तशीच राहते. सीपीला --रीफ्लिंक=नेव्हर द्या. शेवटी बेस डिरेक्टरीतल्या एखाद्या फाइलवर एलएसॲटर चालवा, सी दिसला नाही तर सगळी मेहनत पाण्यात.

त्याच्यासोबत काय जातं तेही सांगायला हवं. चेकसम जातात, कॉम्प्रेशन जातं. आणि स्नॅपशॉट घेतला की त्यानंतर प्रत्येक ब्लॉकचं पहिलं लिखाण पुन्हा नव्या जागीच होतं. म्हणजे दर तासाला स्नॅपशॉट चालू ठेवून +सी लावणं हे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणं आहे.

कोटा चालू आहे का तेही बघा. काही स्नॅपशॉट साधनं तो स्वतःहून चालू करतात, आणि बरेच स्नॅपशॉट असताना जुना पुसला की कोट्याचा हिशेब सगळ्यांना रोखून धरतो. गरज नसेल तर बंद.

पोस्टग्रेसच्या बाजूनेही करता येईल. कॉपी-ऑन-राइट फाइलसिस्टमवर वॉल_रीसायकल (जुन्या वॉल फाइली पुन्हा वापरणं) आणि वॉल_इनिट_झीरो (नव्या वॉल फाइली आधी शून्यांनी भरणं) बंद करायचे, दोन्ही आवृत्ती १२ पासून आहेत. फुल_पेज_राइट्ससुद्धा बंद करता येईल, वॉलचं लिखाण बरंच कमी होतं.

---

ओळंबा

शेवटच्या वाक्याला माझा ठाम विरोध आहे. फुल_पेज_राइट्स बंद करणं झेडएफएस या दुसऱ्या कॉपी-ऑन-राइट फाइलसिस्टमवर चालतं, रेकॉर्डसाइझ ८ केबी किंवा जास्त असेल तर, कारण तिथे रेकॉर्ड एक तर पूर्ण लिहिला जातो किंवा अजिबात नाही. +सी लावलेल्या बीटीआरएफएसवर लिखाण जागच्या जागी होतं. पान ८ केबीचं, ब्लॉक ४ केबीचा. मध्येच वीज गेली तर अर्धं पान नवं, अर्धं जुनं. ईएक्सटी४ आणि एक्सएफएसवरही हेच. पूर्ण पानाची नक्कल वॉलमध्ये असते ती नेमकी यासाठी. ते सेटिंग चालूच राहू द्या.

दुसरं, +सी आणि बीटीआरएफएसचा रेड१ ही जोडी मला पटत नाही. चेकसम नसल्यामुळे क्रॅशनंतर दोन प्रती वेगळ्या निघाल्या तर खरी कुठली हे फाइलसिस्टमला ठरवता येत नाही. स्क्रबलाही (सगळा डेटा वाचून पडताळण्याला) ते दिसत नाही. आज एका ड्राइव्हवरून वाचलं, उद्या दुसऱ्यावरून, आणि उत्तरं वेगवेगळी. एमडीत चेकसम नाहीत हे खरं, पण क्रॅशनंतर बिटमॅप बघून तो दोन्ही प्रती एकसारख्या तरी करतो.

आणि रात्रपाळी, एक्सएफएसवर गेलात की वॉल_रीसायकल, वॉल_इनिट_झीरो दोन्ही मूळच्यासारखे चालू हवेत. ते बंद करायचे फक्त कॉपी-ऑन-राइटवर.

---

जुनाखिळा

फुल_पेज_राइट्सचा खर्च कमी करायचा खरा मार्ग म्हणजे चेकपॉइंट लांबवणं. तुमचे चेकपॉइंट वेळेमुळे नाही, वॉल भरल्यामुळे सुरू होतात. मॅक्स_वॉल_साइझ मूळचा १ जीबी, कम्प्लिशन टार्गेट ०.९. पोस्टग्रेस १ जीबीला १.९ ने भागतो, म्हणजे जेमतेम ५४० एमबी वॉल झाला की चेकपॉइंट सुरू. प्रत्येक चेकपॉइंटनंतर कुठल्याही पानाला पहिला हात लागला की अख्खं ८ केबी वॉलमध्ये जातं. वॉल आणखी लवकर भरतो, आणखी लवकर चेकपॉइंट. गाडी स्वतःच्याच धक्क्याने पळत सुटते.

मॅक्स_वॉल_साइझ १६ जीबी, चेकपॉइंट_टाइमआउट १५ मिनिटं करा. रीलोड पुरतो, रीस्टार्ट लागत नाही. किंमत एकच: क्रॅश झाला तर पुन्हा उभं राहायला जास्त वेळ लागेल, तो तुम्हाला परवडतो का ते ठरवा. वॉल_कॉम्प्रेशन आवृत्ती १५ मध्ये एलझेड४वर चालवता येतं, तेही लावा.

कर्नलचं एक सेटिंग राहिलं. डर्टी_बॅकग्राउंड_रेशो मूळचा १० टक्के असतो. ६४ जीबीच्या मशीनवर न लिहिलेला डेटा काही जीबी साचेपर्यंत कर्नल पार्श्वभूमीला नेट लावून लिहायला बसत नाही, आणि मग चेकपॉइंटचा एफसिंक सगळं एकदम मागतो. पोस्टग्रेस दर २५६ केबीला ढोसणी देतो, पण ती चेकपॉइंटच्या लिखाणापुरती. सेशन स्वतः बाहेर टाकतात त्या पानांना ती मूळ सेटिंगमध्ये मिळत नाही. डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स २५६ एमबी आणि डर्टी_बाइट्स १ जीबी ठेवून बघा.

---

रात्रपाळी

शनिवारी हलवतोय. तोवर चेकपॉइंटची सेटिंग लावली आहेत. एक शंका आहे: फक्त पीजी_वॉल (वॉलची डिरेक्टरी) नव्या एक्सएफएसवर नेला आणि डेटा बीटीआरएफएसवरच ठेवला तर? कमिट तर तेवढ्यानेच सुधारतील, आणि स्नॅपशॉटही राहतील.

---

ओळंबा

कमिट सुधारतील, पण बॅकअप मोडेल, आणि तो मोडलाय हे रिस्टोर करायची वेळ येईपर्यंत कळणार नाही. आत्ता स्नॅपशॉट चालतो तो डेटा आणि वॉल एकाच सबव्हॉल्यूममध्ये एकाच क्षणी गोठतात म्हणून. त्यातून उभं राहणं म्हणजे वीज गेल्यानंतर उभं राहण्यासारखंच. वॉल दुसऱ्या फाइलसिस्टमवर गेला की दोन्हींचा क्षण एक राहत नाही. मग स्नॅपशॉटच्या आधी पीजी_बॅकअप_स्टार्ट, नंतर पीजी_बॅकअप_स्टॉप, दोन्ही एकाच सेशनमधून, आणि मधला सगळा वॉल आर्काइव्हमध्ये, एवढं सगळं करावं लागेल. (आवृत्ती १४ पर्यंत याच फंक्शनांची नावं पीजी_स्टार्ट_बॅकअप आणि पीजी_स्टॉप_बॅकअप अशी होती. जुनी स्क्रिप्ट उचललीत तर १५ वर अडखळेल.)

एवढा खटाटोप करायचाच तर पूर्ण क्लस्टर हलवून रोज एक पीजी_बेसबॅकअप आणि सतत वॉल आर्काइव्ह ठेवा, तोही वेगळ्या मशीनवर. त्याच ड्राइव्हवरचे ४८ स्नॅपशॉट हा तसाही बॅकअप नव्हता.

---

रात्रपाळी

पूर्ण क्लस्टर हलवला. नव्या एक्सएफएसवर एफडेटासिंक सेकंदाला २,३१०. एका ओळीचं कमिट ०.८ ते १.१ मिलिसेकंद. चेकपॉइंट आता 'टाइम'मुळे सुरू होतो: राइट ८०९.६ सेकंद, सिंक ०.९ सेकंद, सर्वांत लांब ०.२ सेकंद. वॉलराइटची रांग दिसत नाही. ताण असतानाही थिजणं बंद झालंय. रोजचा बेसबॅकअप आणि वॉल आर्काइव्ह दुसऱ्या मशीनवर सुरू केला.

जुना सबव्हॉल्यूम आणि त्याचे स्नॅपशॉट पुसताना काही सांभाळायचं का?

---

थेंबथेंब

आधी नव्या बेसबॅकअपमधून एकदा तिसऱ्याच जागी क्लस्टर उभा करून बघा, मगच पुसा. पुसताना सगळे ४८ एकदम नको, चार-पाच करत जा. डिलीटची आज्ञा लगेच परत येते पण जागा मागाहून, पार्श्वभूमीला मोकळी होते. 'बीटीआरएफएस सबव्हॉल्यूम सिंक' चालवून ती संपेपर्यंत थांबा, मग पुढचे घ्या. दोन्ही फाइलसिस्टम त्याच ड्राइव्हवर आहेत, तेव्हा ही साफसफाई गर्दीच्या वेळी केलीत तर एफ_अवेट पुन्हा वर जाईल.